निरक्षर असल्याचा दाखला

आमच्या वाचनालयात एक नोकरी अशी होती की तिला पात्रता एकच लागायची: लिहिता-वाचता येता कामा नये. मी तिथे कारकून म्हणून लागले तेव्हा पहिल्याच दिवशी नियमांची वही हातात मिळाली. सातवं कलम वाचलं, 'बांधणीकार निरक्षर असावा', आणि मला खुदकन हसू आलं. वाचनालयात हसायचं नाही हे तिसरं कलम होतं, ते मी वाचून विसरलेही होते. समोर बसलेल्या चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "हसण्यासारखं काही नाही त्यात. मागच्या खोलीत जाऊन या."

मागच्या खोलीत खळमावशी उभी होती. पन्नाशीची, उंच, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, शेगडीवरच्या पातेल्यात खळ ढवळत होती. मैद्याची खळ, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. त्यामुळे तिची नखं कायम निळसर असायची. भिंतीशी लोखंडी शिकंजा, त्यात चार पुस्तकं दाबून बसवलेली. टेबलावर टोचा, दोरा, पुठ्ठे, कापडाच्या चिंध्या.

"मावशी, तुम्हाला खरंच वाचता येत नाही?" मी विचारलं.

"नाही बाई. दाखला आहे माझ्याकडे."

तिने खिळ्याला टांगलेली कागदांची चळत दाखवली. दरवर्षी एक दाखला, समितीच्या सही-शिक्क्यासह: सदर बाईंस वाचता येत नाही याची खात्री करून घेतली आहे. जिला वाचता येत नाही तिला ते लेखी देत होते, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मी चाट पडले. घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिला वाटलं मी थापा मारते आहे.

खरं म्हणजे मावशीला वाचता येत होतं. मला हे फार उशिरा कळलं, सगळ्यांबरोबरच कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण त्या इमारतीत राहून मला लपवाछपवीचा वीट आला आहे. आता ती दुसऱ्या एका गल्लीत, कागदाच्या दुकानामागे, शाळेच्या वह्या बांधते. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाऊन बसते. पुढचं निम्मं तिच्या तोंडचं आहे आणि निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं.

वाचनालय एका कडक पंथाच्या मंडळींचं होतं. रंगीत कपडा घालायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, मेलेल्यासाठी रडायचं नाही आणि काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. खोटं हे त्यांच्यात सगळ्यांत मोठं पाप. वाचनालय ज्याने काढलं त्या मूळ पुरुषाने लिहून ठेवलं होतं की आत आलेलं पुस्तक कधी बाहेर टाकू नये, फाडू नये, जाळू नये. आता आली का पंचाईत? पुस्तकं सगळ्या तऱ्हेची येत. मग समितीने तोड काढली. जे पान वाईट, ते शेजारच्या पानाला चिकटवून टाकायचं. पुस्तक शाबूत, पाप बंद. पण चिकटवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते पान बराच वेळ राहणार. म्हणून तो निरक्षर हवा. आकडे यायला परवानगी होती, पानांचे क्रम लावायला लागतात ना. अक्षरं नाहीत.

मावशीच्या आधी तिचे वडील हे काम करत. नोकरीबरोबर मागच्या अंगाला एक खोली मिळायची, आणि ती खोली हातची जाऊ नये म्हणून त्या माणसाने मुलीला शाळेत घातलं नाही. धाकटी शाळेत गेली, थोरलीला घरी ठेवली. दारावरून मुलं पाटीदप्तर घेऊन जात आणि ही खिडकीतून बघे. वडील म्हणत, "तुझ्या अडाणीपणावर आपलं छप्पर उभं आहे, पोरी." मावशीने हे मला हसत सांगितलं. मला मात्र त्या मेलेल्या माणसाचा इतका संताप आला की हातातला चहा तसाच राहिला.

आता ती कादंबरी. नाव नाही सांगत, जुनी आहे, मान्यवर आहे, जगभर वाचली जाते. एका अशाच कडक वस्तीतली गोष्ट. एका बाईला नवरा जवळ नसताना मूल होतं. वस्ती तिला भर चौकात उभी करते, मुलाचा बाप कोण ते विचारते, आणि ती नाव सांगत नाही. बाप असतो वस्तीतला सगळ्यांत पूज्य माणूस. तो गर्दीतच असतो, आणि गप्प राहतो. आमच्या समितीने ही कादंबरी उघडली आणि मंडळींच्या पायाखालची वाळू सरकली. तीनशे पानांतली दोनशे पानं बंद करायचा ठराव झाला. वाचनालयात तिच्या सहा प्रती होत्या, कोणा भल्या माणसाने देणगी दिलेल्या. म्हणजे बाराशे पानं.

वाईट पानं चिकटवताना समितीचा एक माणूस समोर बसायचा, पान कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. हे काम चिटणिसांकडे आलं. दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच. दार सताड उघडं, कारण बंद दाराआड बाई आणि पुरुष बसणं पाप. जाता-येता लोक बघायचे: बाई खळ लावते आहे, गृहस्थ नजर ठेवून आहेत.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी मावशीने विचारलं, "एवढं काय आहे हो यात?"

चिटणीस म्हणाले, "एका बाईची गोष्ट आहे."

"मग बाईलाच वाचू देत नाही होय?"

पुढच्या मंगळवारी त्यांनी पान चिकटवायच्या आधी हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांच्या पुटपुटण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. लोकांना वाटायचं, पापाची पानं मिटताना चिटणीस प्रार्थना म्हणताहेत! मग ते शब्दांखाली बोट फिरवायला लागले. मग ती फिरवायला लागली. एका प्रतीत एक ओळ कळली, दुसऱ्या प्रतीत तीच ओळ तिने स्वतः लावली, तिसरीत न अडखळता वाचली. सहा प्रती होत्या हे तिचं नशीब. सहावी बंद झाली तेव्हा त्या गावात ती कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचलेली दोनच माणसं होती.

कादंबरी संपली, मंगळवार संपले नाहीत. वाईट पुस्तकांना काय तोटा! बावीस वर्षं ते मंगळवार चालले. दोघांमध्ये काय होतं आणि काय नव्हतं ते मी विचारलं नाही, आणि ती जेवढं बोलली तेवढंच मी सांगणार. चिटणिसांच्या घरी बायको होती, दोन मुलींची लग्नं झालेली होती. मावशी म्हणाली, "आठवड्याचे सहा दिवस मी पुस्तकं बांधायची आणि सातव्या दिवशी जगायची." इतकं सरळ कोणी सांगितलं की पुढे काय विचारणार? एकदा तिने त्यांना विचारलं होतं की गोष्टीतला तो माणूस वर्षानुवर्षं गप्प कसा राहतो, लाज कशी वाटत नाही त्याला. ते म्हणाले होते, भीती वाटते माणसाला. तिला ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं. त्या दुपारी ती त्यांच्याशी बोलली नाही म्हणे.

मी रोज त्याच इमारतीत, वीस पावलांवर बसत असूनही मला हे सगळं कळलं नाही. स्वतःला मोठी चाणाक्ष समजत होते मी!

आता ते दाखले. दरवर्षी एकदा मावशीला समितीच्या खोलीत बोलवत. अध्यक्ष एका कागदावर एक वाक्य लिहून तिच्या डोळ्यांपुढे धरत आणि घड्याळात बघून तीस सेकंद मोजत. बाकीचे चौघे तिच्या चेहऱ्याकडे बघत. वाक्य असं असे की वाचता येणारा माणूस दचकलाच पाहिजे. आणि वाक्य खरं असे, कारण मंडळी खोटं लिहीत नसत. एका वर्षी लिहिलं, 'तुमच्या खुर्चीखाली उंदीर आहे.' ते खोटं पडू नये म्हणून पिंजऱ्यातला उंदीर आणून खरोखर खुर्चीखाली ठेवला होता! मावशी ढिम्म बसून राहिली.

पण एका वर्षी लिहिलं होतं, 'तुमची धाकटी बहीण वारली.' तेही खरंच होतं. मावशी निरक्षर, म्हणून तिची पत्रं कचेरीत येत आणि कचेरीतच वाचली जात. मेहुण्याचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते. तपासणी जवळ आली आहे, तर बातमी तेव्हाच वापरू, असं यांनी ठरवलं. बहीण गेल्याचं तिने वाचलं, तीस सेकंद भिंतीकडे बघावं तसं कागदाकडे बघितलं, दाखला मिळवला. मग अध्यक्षांनी हात जोडून तोंडी सांगितलं, तेव्हा कुठे तिला रडता आलं. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जे लोक खोटं बोलत नाहीत ते काय काय करू शकतात, याची मला तोवर कल्पना नव्हती.

मावशीचा घात केला तिच्याच हातच्या कसबाने. अध्यक्षांच्या आजोबांच्या प्रवचनांचं पुस्तक होतं, घरात ट्रंकेत पडून पार खिळखिळं झालेलं. पानं सुटली होती आणि पानांचे कोपरे कसरीने खाल्ले होते. अध्यक्षांनी ते मावशीकडे टाकलं. पाट्या टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. महिन्याभराने तिने असं पुस्तक हातात ठेवलं की अध्यक्ष डोळे मिटून "वा!" म्हणाले. ते बोलताना नेहमीच डोळे मिटत. घरी जाऊन ते पुस्तक वाचायला बसले. पहिलं प्रवचन, दुसरं, तिसरं, सगळं बिनचूक क्रमाने. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कोपऱ्यांबरोबर आकडे गेले होते. मग हिने क्रम लावला कशावरून?

कोणाला काही न बोलता त्यांनी त्या वर्षीची तपासणी दोन महिने आधी घेतली. तेव्हा चिटणीस गावात नव्हते. मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी मोठ्या शहराच्या इस्पितळात गेले होते. ऑपरेशन जरा बिकट आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी सकाळी तपासणी झाली. दाखला लिहायला मी टेबलाच्या टोकाला बसले होते. चिटणिसांची खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी खिशातून घडी काढली. या वेळी त्यांनी वाक्य इतर सभासदांनाही दाखवलं नाही. कागद मावशीच्या पुढे धरला, घड्याळ दुसऱ्या हातात. खोलीत इतकं शांत होतं की घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. मी मावशीकडे बघत होते. तिने कागद पाहिला, मग मान जरा तिरकी केली, हात पुढे करून कागदाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाली, "कागद जाड आहे हो. पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चालेल."

एक सभासद हसू दाबायला खोकला. अध्यक्षांनी कागद खिशात घातला.

मावशी उठली नाही. "आणखी काही सांगायचंय मला?" तिने विचारलं.

"नाही बाई. कामाला लागा."

मी दाखला लिहून शिक्का मारला. कागदावर काय लिहिलं होतं ते मला सोमवारी कळलं. 'चिटणीस आज पहाटे इस्पितळात वारले.'

ते खोटं होतं. चिटणीस त्या वेळी इस्पितळात पडल्या पडल्या बिनमिठाचं जेवण आलं म्हणून कुरकुर करत होते. अध्यक्षांनी जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं होतं, आणि त्यासाठी तर्कही केला होता: जिला वाचता येत नाही तिच्यापुढे लिहिलेलं खोटं हे खोटं होत नाही, कारण ते कोणापर्यंत पोचतच नाही. आणि जर पोचलं, तर चोर सापडला. दोन्हीकडून आपण स्वच्छ.

मावशीला यातलं काय ठाऊक? इतक्या वर्षांत त्या कागदावर खोटं आलेलं नव्हतं. बहिणीच्या वेळी निदान तोंडाने सांगितलं तरी होतं. या वेळी तेही नाही. ती मला नंतर म्हणाली, "मी वाट बघितली गं. म्हटलं, आता सांगतील. मग वाटलं, मला का सांगतील? बहीण माझी होती. हे माझे कोण?"

शुक्रवारी पहिल्यांदा तिची खळ करपली. सगळ्या इमारतीत वास पसरला. मी धावत गेले, तर ती पातेलं खरवडत होती आणि डोळे लाल होते. "धूर गेला," म्हणाली. शनिवारी तिने सहज विचारावं तसं विचारलं, "चिटणिसांच्या घरी कोण कोण असतं गं?" मी म्हटलं, "बायको. मुली सासरी. का?" "काही नाही," म्हणाली, "एकटी पडेल बिचारी." चिटणीस चार दिवस बाहेरगावी, म्हणून बायको एकटी, असं मी समजले. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. एक शब्द बोलले असते तर! नुसतं म्हटलं असतं की ते सोमवारी येताहेत, तर बाईचे दोन दिवस तरी वाचले असते आणि कदाचित सगळंच वाचलं असतं. पण पंथातली माणसं उगाच कोणाची चौकशी करत नाहीत, आणि माझ्याही जिभेला तेच वळण पडलं होतं.

सोमवारी समितीची बैठक होती. अकराच्या सुमारास दार उघडलं आणि चिटणीस आत आले. गालफडं बसलेली, हातात काठी, पण चालत होते ठीक. मी उभी राहून नमस्कार केला. त्याच वेळी मागच्या दाराने मावशी बाहेर आली, एका हातात खळीचं पातेलं, दुसऱ्या हातावर बांधलेल्या पुस्तकांची चळत.

आधी पुस्तकं पडली, मग पातेलं. खळ सगळ्या फरशीवर. वाचक माना वर करून बघायला लागले. मावशी त्या खळीतूनच चालत आली आणि तिने चिटणिसांच्या कोटाची बाही दोन्ही मुठींत घट्ट धरली.

"अहो!" ती ओरडली. त्या इमारतीत इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अहो, तुम्ही गेलात म्हणून लिहिलं होतं! मी वाचलं ना! माझ्या डोळ्यांनी वाचलं!"

आणि ती हसत होती. रडत होती आणि हसत होती, आणि बाही सोडत नव्हती. बायको नवऱ्याला हाक मारते तशी तिने हाक मारली होती, आणि ते एकूण एक माणसाने ऐकलं होतं. चिटणिसांचा चेहरा पांढराफटक पडला. मी तर हातातली पेन्सिल मोडून टाकली, कधी मोडली ते कळलं नाही. समितीच्या खोलीच्या दारात अध्यक्ष उभे होते, आणि या खेपेला त्यांचे डोळे सताड उघडे होते.

मग बैठक झाली. लगेच, तिथल्या तिथे. तुम्हाला वाटेल, त्यांनी मावशीला फैलावर घेतलं. छे! पहिला अर्धा तास ते आपापसांतच भांडले, अध्यक्षांनी पाप केलं की नाही यावर. त्यांचा तर्क ऐकून एक सभासद म्हणाले, तिला वाचता येत होतं, म्हणजे खोटं पोचलं, म्हणजे ते खोटंच. दुसरे म्हणाले, लिहिताना अध्यक्षांना ते माहीत नव्हतं. "या बाईने मला खोटारडा केलं," अध्यक्ष म्हणाले. "आयुष्यभर जपलेलं सत्य हिने एका दिवसात घालवलं." खोटं त्यांनी लिहिलं, मरण हिने सोसलं, आणि गुन्हेगार ही! मी सुन्न होऊन ऐकत होते. मावशी उभी होती, पायांना खळ वाळत होती.

शेवटी अध्यक्ष तिच्याकडे वळले. "तुम्हाला वाचायला कोणी शिकवलं?"

मावशी गप्प.

"नाव सांगितलंत तर समिती विचार करेल. खोलीचासुद्धा विचार करेल."

मावशीने खिडकीकडे पाहिलं. चिटणीस टेबलाशी बसून इतिवृत्त लिहीत होते, ते त्यांचं काम होतं. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मात्र बघत होते. बाहेरचा तो प्रकार मी पाहिला होता, आणि मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. बैठकीच्या सुरुवातीलाच अध्यक्षांनी मला विचारलं होतं की बाई चिटणिसांना बघून एवढ्या का ओरडल्या, आणि मग स्वतःच उत्तर दिलं होतं की मेलेला माणूस दिसल्यावर कोणीही ओरडेल. त्या मंडळींना त्यापलीकडे सुचलं नाही. चिटणिसांबद्दल त्यांना शंका यावी कशी? त्यांच्याइतका सचोटीचा माणूस नाही असं सगळे म्हणत. आता हा माणूस बोलेल, आता बोलेल, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी पेन शाईत बुडवलं.

तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर ठराव झाला. आठ दिवसांत नोकरी आणि खोली सोडायची. लहानपणापासून जिथे राहिली ती खोली. चिटणिसांनी लिहून कागद पुढे सरकवला आणि मी अंगठ्यासाठी शाईची उशी काढली.

"ती नको," मावशी म्हणाली. "आता उघडच झालंय ना? मग वाचते की मी."

तिने कागद ओढून घेतला आणि निळसर नखाचं बोट ओळींखाली फिरवत वाचायला लागली. आम्ही सगळे थांबलो. घाई नव्हती तिला. एका ओळीवर बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. 'कोणी शिकविले हे समजू शकले नाही.'

तिने मान वर केली आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा चिटणिसांकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता.

"हे असंच ठेवायचंय?"

"हो," चिटणीस म्हणाले. "असंच."

असा धक्का मला आयुष्यात बसला नाही. ती बहिणीच्या वेळी बसली होती तशीच ढिम्म उभी राहिली, पण या वेळी तीस सेकंद पुरले नाहीत तिला. मग तिने त्यांच्याच हातातून पेन घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'वाचून पाहिले. जे लिहिले आहे ते मला समजले. आठ दिवसांत जागा सोडते.' खाली सही केली, पेन शाईच्या दौतीत ठेवलं आणि ती निघून गेली. फरशी पुसायची होती ना. खळ एकदा वाळली की खरवडून काढावी लागते.

अध्यक्ष तेवढा वेळ डोळे मिटून बसले होते. त्यांनी चष्मा चढवला, कागद जवळ घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चिटणीस," ते म्हणाले, "शेवटचं तुम्ही का लिहिलंत? ते बाईंनी करायचं होतं. आणि सहीसुद्धा तुम्हीच केलीत?"

चौघा सभासदांनी तिला लिहिताना पाहिलं होतं. एकाने कागद घेतला, मग दुसऱ्याने. इतिवृत्ताच्या पक्क्या प्रती मीच करत असे, चिटणिसांचं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. उजवीकडे कललेलं, काने लांब ओढलेले, शेवटच्या अक्षरावरची रेघ जरा वर उचललेली. वरच्या बारा ओळी आणि खालच्या तीन ओळी एकाच हाताच्या होत्या. कागद फिरत फिरत चिटणिसांपुढे आला. त्यांनी खालच्या ओळी वाचल्या, आणि तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला.

"बाईंनीच लिहिलंय," मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं मला, पण मी मोठ्याने म्हणाले. "मी पाहिलंय."

पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण त्याच आठवड्यात मीही ती नोकरी सोडली. मावशीला मी बरेच दिवसांनी विचारलं. त्या वेळी ती वहीच्या पाठीला खळ लावत होती. लिहायला कशी शिकली ते तिने मला तेव्हा सांगितलं. ब्रश खळीत बुडवून टेबलावर अक्षरं काढायची आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायची. पहिली काही वर्षं, पुस्तकांच्या चळतीआड, तिच्या हातावर त्यांचा हात असायचा.

"पण मावशी, खरं सांग," मी म्हटलं, "तू नाव घेतलं नाहीस, पण ते तीन-तीन ओळी लिहिणं, ते मुद्दाम केलंस ना? त्याला उघडं पाडायला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरोखरच कळेना मी काय विचारते आहे. मग तिने मान खाली घातली आणि ब्रश पुढे ओढला.

"अगं, मला दुसरं अक्षर येतं कुठे?"